जमादार जेवला

प्रिय गोदा,

आधी सुपाच्या पाठीवर तुझ्या बोटांची थाप, मग ‘तीऽ तीऽ तीऽ’, आणि मग मळ्याच्या चारी कोपऱ्यांतून पंखांची फडफड. आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातला हा आवाज आज सकाळी माझ्या कानात पुन्हा घुमला. तू गेल्यापासून कागद पुढे ओढला नव्हता. पण आज बातमीच अशी आहे की तुला कळवल्याशिवाय राहवत नाही.

आपला जमादार जेवला!

तुझं नाव घेऊन लिहितो म्हणून रागावू नकोस. जन्मभर ‘अवं’ म्हणून हाक मारली. तू समोर नाहीस तेव्हाच हे धाडस!

तू गेलीस आणि या कोंबड्यानं अन्न सोडलं. ज्वारी टाका, कणी टाका, ताकात कालवलेला कोंडा ठेवा, हा आपला मान वाकडी करून उभा. काल थोरला म्हणाला, “बाबा, हा खंगून मरून राहिला. उद्या पाव्हने येतात, तवा कापूनच टाकू.” जमादार कशाची वाट पाहतो आहे ते मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक आहे. पण गळ्यातून शब्द निघेना त्याला मी काय करू?

पहिला जमादार आठवतो? तू माहेरून आलीस ती टोपलीत एक पिलू घेऊन. माझ्या मायनं कपाळाला हात लावला. “माय वं! लोकाइच्या सुना भांडे आनतात, हे कोंबडं घेऊन आली!” तू पदराआड हसलीस. पिलाचा कोंबडा झाला, तांबड्या छातीचा, हिरव्या शेपटीचा, आणि अंगणात अशी गस्त घालायचा की जमादार हे नाव त्यानंच कमावलं.

तेव्हा नव्या नवराबायकोनं दिवसाउजेडी बोलायचं म्हणजे लाजच सोडली असं लोक समजायचे. वऱ्हाड नुकता मध्यप्रांताला जोडलेला; नव्या राज्यात नवे मास्तर लागणार असं सगळे म्हणत, म्हणून मी मास्तरकीच्या परीक्षेला बसलो होतो. ओसरीवर अभ्यास चाले. गणित मनात, कविता मात्र गळा काढून! माय समजायची, पोरगा पाठांतर करून राहिला. आणि बरोबर त्याच वेळी तुला कोंबड्यांना दाणे टाकायची आठवण कशी व्हायची गं? मी शाळेतली ती पहाटेवरची कविता सुरू करायचो, तू सूप घेऊन यायचीस. मी कडवं संपवून तुझ्याकडे बघायचो, तू जमादाराकडे बघायचीस. तेवढाच आपला संसार.

जमादाराची खोड तुझ्याच लक्षात आली. दाणा दिसला की तो घशातल्या घशात बोलून कोंबड्यांना बोलवायचा, एकेक दाणा चोचीनं उचलून त्यांच्यापुढे टाकायचा, आणि स्वतः तसाच. छातीचं हाड हाताला लागू लागलं त्याचं. तू त्याला कुशीत घेऊन, पण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणालीस, “सगळ्याइले चारते अन् सोता उपाशी राह्यते. असा नवरा कोनाले भेटते?” टोमणा कोणाला होता ते कळलं हो मला!

तेव्हापासून कोंबड्या डालग्याखाली झाकून तू त्याला वेगळं भरवू लागलीस. भिजवलेली ज्वारी, तळहातावर, माझ्या कवितेच्या तालावर. थंडीत तुऱ्याला तेलहळद. अंगात उवा झाल्या की लोळायला चुलीच्या राखेचा खड्डा. राजेशाहीच होती बापा! पण त्या लाडात त्याला एक सवय जडली. कविता नाही, तर दाणा नाही.

हे कळलं मी परीक्षेला अमरावतीला गेलो तेव्हा. परत आलो तर पेपर कसे गेले हे विचारायचं सोडून तू गोठ्याच्या आडून कुजबुजलीस, “तुमी गेले अन् यानं उपासच धरला. मंग मीच म्हनली तुमची कविता.” अगं, तुला अक्षर येत नव्हतं! आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळी पाठ! “तुमच्यावानी गया नाई माहा. पन जेवला.” म्हणे गळा नाही! परीक्षेच्या निकालानं मी इतका फुललो नाही, खरं सांगतो.

निकाल लागला, मी पास झालो, आणि तिथंच घात झाला. मायनं बांधावरच्या म्हसोबाला बोलून ठेवलं होतं: पोरगा मास्तर झाला तर अंगणातला कोंबडा देईन. अंगणात कोंबडा एकच.

तू रडली नाहीस. एवढंच विचारलंस, “आत्याबाई, देवानं घेतलाच नाई तं?”

“कावून नाई घेनार? दाना टिपला का घेतला समजाचं.”

रीतच होती ती आपल्याकडे. म्हसोबापुढे कुंकवाचे तांदूळ टाकायचे. कोंबड्यानं टिपले तर देवाला मंजूर, मग सुरी. तुझ्या डोळ्यांत त्या क्षणी काहीतरी लखलखलं, पण मी कवितेतला माणूस, मला वाटलं पाणी असेल! निघताना तू मला गाठून म्हणालीस, “अवो, तिथं तोंड उघडसान तं तुमाले माही आन हाय.”

मी का तोंड न उघडणारा माणूस! आनंद झाला की कविता, भीती वाटली की कविता, बैल उधळला तरी कविता!

निंबाखाली शेंदूर झळकत होता. डफडं थांबलं. भगतानं तांदूळ टाकले. जमादारानं मान वाकडी केली आणि तांदूळ सोडून सरळ माझ्याकडे पाहिलं. पलीकडे गव्हावरून वारा जात होता, ऊन असं कोवळं की ती पहिली ओळ माझ्या दातांमागे येऊन उभीच राहिली. ओठ हलले माझे. तेवढ्यात तुझी टाच माझ्या अंगठ्यावर आली! कितीतरी दिवस ते नख काळंनिळं होतं गं.

पुन्हा तांदूळ टाकले. पुन्हा त्याची मान वाकडी. “टीप रे बाबा,” भगत वैतागला, “उन्ह चढून राहिलं.” आणि मग एका म्हाताऱ्यानं कहरच केला. म्हणाला, “मास्तर, नवस तुमचाच हाय. देवापुढं तुमीच म्हना ना दोन ओळी!”

सगळी माणसं माझ्याकडे वळली. कोंबडाही! गोदा, मी काय केलं असतं? मी खोकलो. खोकतच राहिलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकलो. माय घाबरून ओरडली, “राहू द्या वं माय, म्हसोबा रागावला, पोराचा गयाच धरला त्यानं!”

भगतानं तांदूळ गोळा केले. “देव घेत नाई. आता त्याच्या नावानं पोसा. याले हात लावाचा नाई कोनी.”

काय ती मिरवणूक मग! पुढे डफडं, मागे मायच्या डोक्यावरच्या टोपलीत जमादार, आणि ऐन वेशीत त्यानं अशी बांग दिली की गावातल्या साऱ्या कोंबड्यांनी जबाब दिला. त्या बांगेपुढे माझ्या सगळ्या कविता फिक्या.

पण खरी जीत पुढेच होती. आता तो देवाचा कोंबडा. उपाशी राहिला तर घरावर कोप. माय स्वतः भरवायला बसली. तो ढुंकून पाहीना. माझं पाठांतर चाललं की तो तुझ्या हातचं टिपतो, एवढं तिनं पाहिलं होतं. दुसऱ्या सकाळी तिनं ओसरीवरून हाक दिली, “मास्तरा, आन तुही पोथी. अन् सूनबाई, तू सूप घे. बसा दोघं जन इथं अन् चारा त्याले!” भर उजेडात, सासूच्या हुकमानं, शेजारी शेजारी! सगळ्या अचलपूर तालुक्यात असं भाग्य कोणाच्या वाट्याला आलं होतं?

मुद्दाम केलंस ना? जन्मभर विचारलं, जन्मभर तू म्हणालीस, “देवाले इचारा.” जाताना तरी सांगायचं होतंस! हा माझा रुसवा आहे. आता तू त्याच्याजवळच आहेस, तर विचारून ठेव.

आजचा जमादार त्याच वंशातला. तीच छाती, तीच खोड. तुझ्या हातचं आणि माझ्या तोंडचं खात आला. तू गेलीस, मी गप्प झालो, तर त्या बिचाऱ्यानं जेवावं कशावर? आज सकाळी थोरला सुरी घासत होता. तो आवाज ऐकला, आणि मी तसाच उठून ओसरीवर बसलो. मूठभर भिजवलेली ज्वारी घेतली. पहिली ओळ फाटकीच निघाली. दुसरी आठवेना. तिसरीला त्यानं मान वाकडी केली. आणि मग, गोदा, टक्! तळहातावर चोच! मूठ रिकामी झाली, मी पुन्हा भरली, पुन्हा म्हटलं. गल्लीभर ऐकू गेलं असेल. थोरला सुरी पाठीमागे लपवून हसला. “राहू द्या बाबा. पाव्हन्याइले पिठलं चालते.”

तेव्हा हे वचन घे. माझ्या गळ्यात आवाज आहे तोवर आपल्या अंगणात जमादार उपाशी राहणार नाही. शब्द चुकतील, चाल चुकेल, वेळ चुकणार नाही. आणि मी नसेन तेव्हा त्याचं काय, हे मात्र अजून सुचत नाही...

थांब. दाराशी बांगड्या वाजल्या.

अगं, धाकटी सून! नवी नवरी, आजवर या खोलीच्या उंबऱ्याशी आली नव्हती. मला तिचा आवाजही ठाऊक नाही. डोक्यावर पदर, हातात तुझं सूप. म्हणते आहे, “मामंजी, सकायची ते कविता मले शिकवा. तुमी गावाले गेले तं त्याले कोन चारीन?”

आणि तिच्या मागे, भिंतीआड, आपला धाकटा उभा आहे. जमादाराकडे बघतो आहे म्हणे!

उठतो गं मी.

तुझाच,
अवो