पाहुणा पाणी पितो

१२ जून १९९४, धुळे

सामान अजून बांधलेलंच. उत्पलाने मात्र आपली चित्रं शोधून काढली! जळगावच्या बालवाडीत सुगंधाबाईंनी सांगितलं होतं, "पोरीला रागावू नका. जे शिकवायचं त्याची गोष्ट करा, रोज तीच वाचा." तेव्हा तोंडात शब्द नव्हता, कोणी आलं की खाटेखाली. मग मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली. पाहुणा येतो. मी हात जोडते. मी जयभीम म्हणते. मी पाणी देते. पाहुणा पाणी पितो.

सगळा उन्हाळा तेच वाचलं. तिचा पहिला शब्द – जयभीम. त्या दिवशी गल्लीभर गूळ वाटला होता.

१३ जून

खोली चांगली आहे. घरमालकीण पार्वताअक्का वर राहतात. कोण, कुठले विचारलं तर ह्यांनी "जळगावचे" एवढंच सांगितलं. आधी जिथे जिथे खरं सांगितलं, तिथली खोली नेमकी कालच दिलेली निघाली. आता अक्का केव्हाही खाली उतरतील आणि ही हात जोडून जयभीम म्हणेल.

१५ जून

हे म्हणतात, "नमस्कार शिकव. एक शब्द तर बदलायचा."

एक शब्द! हे ऑफिसात जातात, मी जिन्याकडे कान लावून बसते. दुपारी नवं चित्र काढलं. स्वतःचीच चीड आली.

१६ जून

नवी गोष्ट वाचली. 'नमस्कार' आलं की ती माझ्या तोंडावर हात ठेवते.

१९ जून

संध्याकाळी अक्का दारात. "पोर बोलस का नही?" उत्पला खाटेखाली. नमस्कार नाही, जयभीम नाही. त्या गेल्यावर हे हळूच म्हणाले, "बरं झालं."

बरं झालं म्हणे! खोली राहिली आणि पोर परत मुकी झाली. नवं चित्र शेगडीत घातलं. जेवले नाही.

२१ जून

अक्का पुन्हा आल्या. आज मीच उठले. हात जोडले, मोठ्याने म्हटलं, "जयभीम, अक्का." त्यांचा चेहरा बदलला. खाटेखालून "जयभीम" आलं. मागोमाग उत्पला – माठातून पेला भरून. अक्कांनी घेतला आणि ओट्यावर ठेवला. हिने उचलून परत पुढे धरला. गोष्टीत पाहुणा पाणी पितो, तिला एवढंच ठाऊक. अक्का न पिता वर गेल्या. ही पेला धरून दारातच उभी. हलेना.

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "अर्धं सामान अजून बांधलेलंच आहे." रागावले नाहीत. पोरीच्या हातातला पेला घेऊन स्वतः प्यायले.

२२ जून

अक्का आल्या. वाटलं, खोली सोडा म्हणणार. माझ्याकडे बघितलंही नाही. उत्पलासमोर खाली जमिनीवर बसल्या. "पानी दे वं, माय."