मोरीखालचा हुकूम

आदरणीय हबीबाताई,

लांबूनच तुझा हात ओठांना लावतो. गुडघे कसे आहेत? बेर-शेवाची कोरडी हवा त्यांना मानवली असेल अशी आशा आहे. इकडे यरुशलेमात आम्ही सगळे ठणठणीत आहोत, फक्त स्वयंपाकघराला जमीन उरलेली नाही.

झालं असं, की मोरी तुंबली. (तुझी भावजय सिम्हा म्हणते, मी चहाचा चोथा ओतला म्हणून. मी गवंड्याला बोलवायला पळालो; मीच ओतला होता.) गवंड्याने फरशी उचकटली तर खाली हातभर लांब दगड, आणि चिखलाआड कोरलेली हिब्रू अक्षरं. गवंडी पहार टाकून मागेच सरला. आपल्या गावात कुठेही खणा, कुणीतरी राजा नाहीतर याजक निघतोच. शेजारचे पिन्हास मास्तर (चाळीस वर्षं हिब्रू शिकवलं, अजून माझं बोलणं तपासतात) पायजम्यावरच धावत आले, ओणवे झाले आणि चिखलातून ‘पाणी’ एवढाच शब्द कसाबसा वाचून म्हणाले, "नहूम, दोन हजार वर्षं! मंदिरातल्या याजकांचं शुद्धीचं पाणी हे!" तासाभरात अख्खी गल्ली आत. दोघा-तिघांनी तर चुलीपाशीच प्रार्थना सुरू केली. सिम्हा कडाडली, "याजक असोत नाहीतर राजा, माझ्या पातेल्याला लाथ कुणी मारली?"

दुसऱ्या दिवशी पुराणवस्तू खात्याच्या तालियाबाई आल्या. त्यांनी ब्रशने चिखल काढला, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं: ‘इथे पानी वोतू नये. हुकमावरून, बारूख.’

ताई, आपले आजोबा! जन्मभर घरात जुन्या गावची अरामी बोलले आणि सत्तरीत शाळेत आपल्या शेजारी बाकावर बसून हिब्रू गिरवायला लागले, ते. इथे फरशी यायच्या आधी, अंगण होतं तेव्हा त्यांनीच हा दगड लावला असणार. गल्ली खो-खो हसली. मास्तर मात्र कळवळले. "एका ओळीत दोन चुका!" म्हणत त्यांनी खिशातून खडू काढला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, "मास्तर, त्या अक्षरांना हात लावायचा नाही!" मग पालथ्या बादलीवर बसून मी चक्क रडलो. मास्तरांनी खडू खिशात टाकला आणि हळूच म्हणाले, "हुकूम मात्र स्पष्ट दिलाय हं."

तुझाच,
नहूम

ता.क. बाईंनी जाताना दगड उलटला, तर मागच्या बाजूला खरोखरच दोन हजार वर्षांपूर्वीचं कोरीव काम! आजोबांनी हाताला लागेल तो दगड घेतला होता. आता महिनाभर खोदकाम. तेव्हा यंदा वल्हांडणाचा सण तुझ्याकडे. आम्ही नऊ जण.

आणखी ता.क. नऊ नव्हे, दहा जण. खोदकाम मास्तरांच्या घराखालीही शिरलंय. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा आम्ही बसमध्ये असू, म्हणून नकार कळवायची तसदी घेऊ नकोस.