खिडकीखालचा ठोकळा

२ फेब्रुवारी

थोरल्या भाच्याची पाठ धरली आहे. थोरलीचे, म्हणजे त्याच्या बायकोचे, डोळे चुरचुरतात. धाकट्याला नेहमीचा खोकला. तो बिचारा दिवसभर औषधांची बॅग घेऊन दुकानं हिंडतो, त्याला निदान कारण तरी आहे. धाकटीची मान आखडली. थोरल्याच्या मुलाचा, भोंग्याचा, अंगठा दुखतो – खेळून! धाकट्याच्या ठिणगीला झोप पुरत नाही. माझे गुडघे जैसे थे.

घरात ठणठणीत एकटा तोच. खिडकीखालचा ठोकळा! ना खोकला, ना पडसं. वर त्याला धूळ लागू नये म्हणून फुलाफुलांचं टोपडं. शिवलं कुणी? मी! शत्रूला अंगडं-टोपडं म्हणतात ते हेच.

३ फेब्रुवारी

माझ्या खोलीत तो आला कसा, हे लिहून ठेवते. पुढेमागे कुणी म्हणायला नको, आत्यानेच बोलावला.

दोघा भावांनी मिळून कॉम्प्युटर घेतला. थोरला म्हणाला, आमच्या खोलीत ठेवू. धाकटा म्हणाला, मग आम्ही काय दार वाजवून यायचं? बैठकीत ठेवावा तर येणारा-जाणारा बटणं दाबणार. शेवटी एकमत झालं. या दोघांचं एकमत झालं की त्यात माझी फरफट असते, लहानपणापासून. "आत्याच्या खोलीत ठेवू. ती काही बोलायची नाही."

बोलले नाही. तिथे चुकलं.

खिडकीखाली माझं शिलाई मशीन होतं. ते कॉटच्या पायथ्याशी, अंधारात. आणि त्याच्या डोक्यावर प्रिंटर! यांची आई गेली तेव्हा एक चालत होता, एक रांगत होता. त्या मशीनवर लोकांचे शर्ट शिवून दोघांना वाढवलं. आता त्याच्यावर तो पेटारा बसून कागद ओकतो.

७ फेब्रुवारी

दुपारची झोप गेली. टिकटिक, टिकटिक. धाकटी नकाशे काढते – घरांचे. एका ऑफिसचं काम, घरी बसून. दुसऱ्यांच्या घरात खिडक्या कुठे हव्यात ते ठरवते, माझ्या खिडकीचा सगळा उजेड अडवून!

"आत्या, रेडिओ जरा बंद करता?"

"नाही करत."

"मग हळू तरी करा."

"आणखी हळू केला तर मलाच गावं लागेल."

हसली नाही. मीही नाही.

११ फेब्रुवारी

आज रणकंदन. भोंग्याला नवा खेळ घालायला जागा पुरेना, म्हणून त्याने काहीतरी पुसलं. ते काहीतरी म्हणजे धाकटीचा नकाशा निघाला. तीन मजली घर, जिन्यासकट गेलं. भूकंपानेही इतक्या पटकन जात नसेल.

थोरली शाळेत शिकवते. घरातही खडूच हातात असल्यासारखी बोलते. "मुलाने काय मुद्दाम केलं?"

धाकटी म्हणाली, "मुद्दाम केलं नसेल तर शिकवा त्याला. तुम्ही शिक्षिका ना?"

"तुझं तेवढं काम! आणि माझ्या प्रश्नपत्रिका म्हणजे करमणूक?"

झालं. मग पुरुष मध्ये पडले, म्हणजे आगीत तेल. शेवटी धाकट्याने तोड काढली – कॉम्प्युटरला एक गुप्त शब्द लावायचा. तो टाकल्याशिवाय ठोकळा उघडणारच नाही. पण शब्द ठेवायचा कुणाकडे? थोरलीकडे नको, धाकटीकडे नको.

थोरला म्हणाला, "आत्याकडे. तिला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

सगळे म्हणाले, हो हो, बरोबर. मी तिथेच बसून भाजी निवडत होते!

१२ फेब्रुवारी

इंग्रजी अक्षरं मला कुणी शिकवली नाहीत. रिळांवरची, डब्यांवरची वाचून शिकले. यांना वाटतं, आत्या म्हणजे अक्षरशत्रू. असो.

सकाळी मला खुर्चीवर बसवलं आणि सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. थोरली तर शाळेतल्या पोरांनाही एवढं सरळ उभं करत नसेल. एका बोटाने अक्षरं शोधून शब्द टाकला. खात्रीसाठी पुन्हा टाक म्हणे. पुन्हा टाकला. ठोकळा उघडला! मेला माझंच ऐकतो म्हणायचा.

शब्द इथे लिहीत नाही. वही, राग मानू नकोस. तुझ्यावर विश्वास आहे, तुला उघडणाऱ्यांवर नाही.

१६ फेब्रुवारी

चहा न मागता आला. आलं घालून!

थोरली : "आत्या, पाय चेपून देऊ?" लग्न होऊन आल्यापासून माझे पाय दोनच आहेत की चार, हे तिने पाहिलं नव्हतं.

भोंगा : "आत्याआजी, तू जगातली सगळ्यात चांगली आत्याआजी आहेस."

"किती वेळ पाहिजे?"

"तासभर."

"अर्ध्या तासापुरतीच चांगली आहे मी."

गोड बोलून काढून घेणारे सगळे. फक्त धाकटी गोड बोलत नाही. दारात येऊन उभी राहते. "आत्या, शब्द." बस्स. जसं काही मी नळ आणि ती बादली.

२० फेब्रुवारी

थोरली म्हणते, आत्या धाकटीला झुकतं माप देतात. धाकटा म्हणतो, आत्या वहिनीला घाबरते. आधी माझी खोली गेली. आता नावही चाललं. हे घोंगडं माझ्या गळ्यात घातलं तेव्हा कुणी विचारलं होतं?

दुपारी रागारागाने मशीनवरचा प्रिंटर उचलून जमिनीवर ठेवला आणि एका उशीला अभ्रा शिवायला घेतला.

धाकटी : "तुमचं मशीन खडखडतं, आत्या."

"तुझं घरघरतं."

"माझ्या घरघरीचे पैसे येतात."

"माझ्या खडखडीवर तुझा नवरा वाढला."

मान न वळवता म्हणाली, "हो. शिवण जरा उसवलेलीच आली माझ्याकडे."

हसू आलं होतं. खोकून घालवलं.

२६ फेब्रुवारी

पाणी प्यायला उठले तेव्हा तिच्या नकाशात डोकावले. कुणाचं तरी मोठं घर. गाडीला खोली, कपड्यांना खोली, पाहुण्यांना खोली.

"म्हातारीची खोली कुठे?"

"मालकाने सांगितली नाही."

"मालकाला आई नाही?"

"आई नसते प्रत्येकाला. कुणाला आत्या असते." मग पुन्हा नकाशाकडे वळून, "रेडिओ बंद करता का आता?"

केला नाही. आवाज वाढवला. बाई जहाल आहे. मिरचीसुद्धा तिच्यापुढे पाणी भरेल.

३ मार्च

आज लिहिणार नव्हते. तरी लिहिते.

सकाळी धाकट्याबरोबर गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे गेले होते. परत येऊन बघते तर कॉटच्या पायथ्याशी मशीन नाही! तिथे नवं टेबल, टेबलावर प्रिंटर, बाजूला आणखी एक खुर्ची.

"माझं मशीन?"

थोरला म्हणाला, "अगं, भंगारवाला आला होता. गंजलं होतं ते. आता तू कुठे शिवतेस?"

"मला विचारलंस?"

"तू घरी नव्हतीस." आणि वर, "सगळ्यांच्या सोयीसाठीच केलं. आवाजाचीही तक्रार होती."

तक्रार! खडखडीची तक्रार कुणाची, हे मला ठाऊक नाही का? ती दारातच उभी होती. माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

माझं मशीन. त्याचं पायडल माझ्या पावलाच्या आकाराने झिजलं होतं.

४ मार्च

शब्द टाकणार नाही. कुणासाठी नाही! आज सकाळीच सांगून टाकलं. थोरला ओरडला, "हा काय पोरखेळ लावलायस?" म्हटलं, पोरांकडूनच शिकले. थोरली डोळे पुसून गेली, प्रश्नपत्रिका हाताने लिहायला बसली. भोंगा रडला. रडू दे.

दुपारी धाकटी आली.

"आज नकाशा द्यायचाय. संध्याकाळच्या आत."

"माझं मशीन आण."

"ते आता नाही, आत्या."

"मग तुझंही नाही."

उभी राहिली. मला वाटलं, आता विनवेल. विनवलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. पण तीही तसलीच. पर्स खांद्याला लावली आणि निघून गेली. जाताना माझा रेडिओ लावून गेली. मोठ्या आवाजात.

७ मार्च

धाकटीचं काम गेलं. ऑफिसने ते दुसऱ्या कुणाला दिलं. धाकट्याने सांगितलं – माझ्याकडे न बघता, भिंतीला.

८ मार्च

आज स्वयंपाकघरात दोघी जावांची जुंपली. भांडी वाजत होती तोवर मी लक्ष दिलं नाही. मग थोरलीचा आवाज चढला :

"मशीन नेऊ नये म्हणून त्या दिवशी दारात आडवी उभी राहिलीस! भाऊजी घरी नाहीत हे बघूनसुद्धा यांच्याशी वाद घातलास! काय मिळालं? आत्यांनी बरे पांग फेडले तुझे!"

धाकटी म्हणाली, "तक्रार माझी होती. पण ती माझ्यात आणि त्यांच्यात होती. मशीन न्यायला तुम्ही कोण?"

मी खोलीतून सगळं ऐकलं. उठले. पुन्हा बसले.

आणि ही बया मला बोलली नाही! चार शब्द बोलली असती तर तोंड काय झिजलं असतं? इतका ताठा!

– विचारलं तरी कुठे होतं मी.

९ मार्च

जेवायला सगळे बसले होते. मी तो शब्द मोठ्याने सांगितला. एकेक अक्षर, दोनदा. म्हटलं, आता ज्याचं त्याने उघडा, ज्याचं त्याने भांडा.

थोरली म्हणाली, "इतका सोपा होता?"

आता इथे लिहायलाही हरकत नाही. पण लिहावासा वाटत नाही.

धाकटी पानावरून लवकर उठली.

१० मार्च

चहा आला नाही. स्वतः केला. आलं नव्हतं.

१३ मार्च

दुपारी ठोकळा उघडून ठेवला. खुर्ची पुसली. टोपडं घडी करून बाजूला ठेवलं. रेडिओ बंद केला. धाकटी दारावरून दोनदा गेली. आत बघितलं, आली नाही.

चुकले, असं म्हणायला किती लागतं? तीन अक्षरं. आरशासमोर म्हणून पाहिलं. जमलं. पण ती समोर आली की जीभ टाळ्याला चिकटते. सत्तरी उलटली, कापडाचा कुठलाही तिढा सोडवता येतो. तोंडाचा नाही.

दुपार एवढी लांब असते?

२० मार्च

फुटलं घर. धाकट्याने भाड्याचं घर पाहिलं – दोन खोल्या. महिनाअखेरीला जाणार. थोरला इथेच राहणार. आज वाटण्या. कपाट कुणाचं, फ्रिज कुणाचा, मोठी पातेली कुणाची. सगळं माझ्यासमोर, मी जणू भिंतीवरचं घड्याळ.

ठोकळ्यावरून मात्र आवाज चढले. दोघांनाही तोच हवा. "पैसे निम्मे माझे!" "काम त्यावर कुणाचं जास्त?" करवत आणून मधोमध कापतात की काय वाटलं. मी आणून दिली असती.

मग थोरला म्हणाला, "आणि आत्याचं काय करायचं?"

आवाज एकदम खाली. किती समजूतदार झाले दोघे! सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, असं ठरतंय. नळाच्या पाण्याला लावतात तशी मला पाळी. ही खोली भोंग्याच्या अभ्यासाला हवी म्हणे. "तुझी कॉट बैठकीत छान मावेल, आत्या."

माझ्यावरून कुणीही भांडलं नाही. साधं तू-तू मी-मीसुद्धा नाही.

२१ मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. ठोकळा चालूच आहे, भोंगा खेळतो आहे, मी कॉटवर बसले आहे. त्याच्या मागच्या पंख्याचा गरम वारा थेट माझ्या तोंडावर येतो. रांगणारा पोरगा, चालणारा पोरगा, दोघांना याच कॉटवर थोपटलं. आता त्यांना माझे सहाच महिने जड झालेत.

मेल्या ठोकळ्या, तुझ्यासाठी तरी कुणी भांडलं!

२४ मार्च

आज संध्याकाळी पुन्हा तोच वाद. धाकटी मध्येच उठली. "दादा, कॉम्प्युटर ठेवा तुम्हीच. आत्या आमच्याकडे. पाळीबिळी नाही. कायमच्या."

थोरला म्हणाला, "अगं, तिने तुझं काम घालवलं!"

"घालवलंच. त्याचं भांडण अजून बाकी आहे माझं त्यांच्याशी. ते अर्धवट टाकून कशी जाऊ?"

मग माझ्या दारात आली. आत नाही, दारातच. "दोनच खोल्या आहेत. दुपारी मी नि तुम्ही एकाच खोलीत. जमतंय का ते उद्या सांगा."

सगळ्या घरात मला विचारलं ते हिने.

वही, इतकी वर्षं मीच तुला लिहिते आहे. या खेपेला तू लिही – तिला काय सांगू? आणि जरा लवकर लिही गं. ती सकाळीच विचारेल.