कागदावरची रादगोंद

ला शेव्रोल, १७ ऑगस्ट १९६२

माझ्या नातीचं नाव मला पाववालीने सांगावं का? दुकानात बाया रांगेत उभ्या, आणि ही गल्ल्यावर पेपर पसरून मोठ्याने वाचते, ला रोशेलमध्ये एर्वे आणि हुगेत यांना कन्या, नाव रादगोंद. सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने माझे हात धरले, एकीने डोळे टिपले. क्षणभर वाटलं, मीच मेले की काय.

चि. हुगेत हिस अनेक आशीर्वाद. ते आधी द्यायचे असतात, पण आधी राग आला.

तुमच्या तारेत मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, इतकंच होतं. नाव खाल्लंत ते खाल्लंत, वर माझं ठेवलंत. मी मागितलं होतं का? हे नाव अंगावर घेऊन मी बासष्ट वर्षं काढली आहेत. शाळेत जेमतेम दोन हिवाळे गेले, पण हजेरीत माझं नाव आलं की मागच्या बाकावर पोरांचा रा-द-गोंद असा ढोल वाजायचा, तो अजून कानात आहे. माझी आई म्हणायची, रादगोंद ही राणी होती, संत झाली, आपल्या मुलखाची राखण करते, तेव्हा दर घरात एक हवीच. असेल. पण राणीला कुणी अंगणातून ओरडून हाक मारत नव्हतं, म्हणून तिला कळलं नाही. तुझं नाव हुगेत ठेवायला मी तुझ्या आजीशी एक अख्खी सुगी अबोला धरला होता. तो काय यासाठी?

आपल्याकडे पहिल्या बाळाची धर्ममाता म्हणजे आईची आई, आणि नाव द्यायचं धर्ममातेने. तो मान माझा. तरी तू वसंतात आलीस आणि म्हणालीस की एर्वेच्या मनात त्याच्या आजीचं नाव आहे, एनोरा, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. ठेवा म्हटलं. मग ती एनोरा गेली कुठे? मला खूश करायला हे केलं असेल तर मी खूश नाही. बकरीचं चीज हवं असेल तर सरळ मागावं, दर शनिवारी गाडीवर घालते.

बाळाला दूध पुरतंय का ते कळव. लोभ आहेच, सध्या रागाखाली आहे, शोधलास तर सापडेल.

तुझी आई

*

ला रोशेल, २० ऑगस्ट १९६२

ती. आईस हुगेतचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग बाळ रडलं. दूध पुरतंय. गळा तुझ्यावर गेलाय.

आई, मला वाटलं ही तुझीच करणी. एर्वे गेल्या सोमवारी नगरपालिकेत नोंद करायला निघाला तेव्हा मी पलंगावरून बजावलं होतं, एनोरा, विसरू नकोस. संध्याकाळी आला तो ग्लॅडिओलसची फुलं घेऊन. एर्वे फुलं आणतो तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असतं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, रादगोंद झालं. ईस्टरला तुम्ही दोघं तळघरात पिनोची दारू चाखत बसला होतात, तेव्हाच ठरलं असणार असं मी त्याच्या तोंडावर म्हणाले. तुझ्या पत्रावरून दिसतं की तसं नव्हतं. तुझी माफी मागते. त्याची नाही.

तेव्हापासून मी त्याच्याशी बाळामार्फत बोलते. बाळा, बापाला सांग सूप गार होतंय. बाळा, बापाला विचार लंगोट कुणी वाळत घालायचे. पण बाळाला हाक काय मारायची तेच ठरत नाही. तो रादगोंद म्हणतो, माझी जीभ वळत नाही. मी एनोरा म्हणायला गेले तर त्याचं तोंड असं होतं की मीच थांबते. सध्या आम्ही तिला उंदीर म्हणतो. शेजारीण विचारते उंदीर झोपला का. असं किती दिवस चालणार?

खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच्या आईचं तिकडून, त्यांच्या मुलखातल्या द्वार्नेनेहून पत्र आलं. कोरांतीनबाईंनी चार ओळी लिहिल्यात: माझ्या आईचं नाव देतो म्हणालास आणि परक्या मुलखातली राणी आणलीस, तर बाप्तिस्म्याला राणीचीच माणसं बोलवा, मी येत नाही. ते वाचून एर्वे गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि जेवलाच नाही. तुला माहीत आहे, त्या सार्डिन माशांच्या कारखान्यात कामाला जायच्या तेव्हा त्याला आजीनेच वाढवलं. मी चिडलेय खरी, पण त्याची ती पाठ बघवत नाही. तूच विचार त्याला काय झालं. मी विचारलं तर मला त्याच्याशी बोलावं लागेल.

जसा आहे तसा लोभ ठेव, ओरडणाराच बरा.

तुझी हुगेत

*

ला रोशेल, २२ ऑगस्ट १९६२

ती. सासूबाई यांस एर्वेचा सा. न.

हुगेतने बाळाला सांगितलं की बापाला म्हणावं, आजीला पत्र लिही. म्हणून लिहितो.

खिडकीमागे पातळ मिशीचा कारकून होता. मी एनोरा म्हणालो. त्याने संतांचं कॅलेंडर काढलं, बोट खालपर्यंत नेलं आणि म्हणाला यात नाही, यात नाही ते लिहिता येत नाही. मी म्हटलं आमच्याकडे ती संत आहे, तिचं देऊळ आहे, मी त्यात मेणबत्त्या विझवल्या आहेत. तो म्हणाला मग नोंदही तिकडेच करा. मागे आणखी बाप उभे होते, एकाला दारूचा वास येत होता आणि तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आनंदाने रडत होता. कारकून म्हणाला मुदत आजच संपते, मी खिडकी लावतो आहे, नाव बोला. भिंतीवर पोस्टाचं कॅलेंडर होतं, त्यावर त्या दिवसाची संत पाहिली. तेरा ऑगस्ट, रादगोंद. मनात आलं, निदान घरातली एक बाई तरी खूश होईल. हिशेब चुकला. एकही झाली नाही.

आईला मी हे दोनदा लिहिलं. ती म्हणते तुझी आजी असती तर तिने कारकुनाच्या डोक्यात टोपली घातली असती. खरंच घातली असती. पण सासूबाई, आजीच्या वेळीही कुणी एनोरा लिहून घेतलं नव्हतं. कागदावर ती मारी-आन होती. त्या नावाने तिला जन्मात कुणी हाक मारली नाही. करवसुलीवाला मारी-आन कोण म्हणून दारात आला की ती म्हणायची, या घरात त्या नावाला कुणी ओ देत नाही, आणि दार लावायची.

बाळ तुमच्या नावाला डोळे उघडतं. हुगेत म्हणते घाबरून.

रागावला असाल तर रागावा, पण लोभ काढून घेऊ नका, सध्या माझ्याकडे तोच एक उरलाय.

आपला एर्वे

*

ला शेव्रोल, २५ ऑगस्ट १९६२

श्रीमती कोरांतीनबाई, तुमच्या मुलाने चूक केली, मान्य. पण चूक कारकुनासमोर केली आणि शिक्षा माझ्या स्वयंपाकाला का? नऊ सप्टेंबरचा बाप्तिस्मा माझ्या गावात, जेवण माझ्या अंगणात, बदकं आत्तापासून खाऊन माजली आहेत, आणि तुम्ही येत नाही म्हणता.

स. न. वि. वि. लग्नात आपण समोरासमोर बसलो होतो, तुम्ही माझं लोणी अळणी म्हणालात आणि मी तुमचं खारट म्हणाले. त्यानंतर हे पहिलंच पत्र. माझं अक्षर वाचता येत नसेल तर हळू वाचा, मीही हळूच लिहिते.

विहीणबाई, तुमच्या मुलाला शिव्या देऊन झाल्यावर मी आमच्या पाद्रीबाबांकडे गेले. म्हातारे आहेत, पण नावांचं त्यांना वेड आहे. त्यांना कोट दाखवावा तर त्याचा कापूस कुठून आला ते सांगतील. रादगोंद हे जुन्या फ्रँक लोकांचं नाव म्हणाले, अर्धं म्हणजे सल्ला आणि अर्धं म्हणजे लढाई. मी म्हटलं बाबा, हे माझ्या नवऱ्याने पुस्तकाशिवाय सांगितलं असतं. हुगेत म्हणजे बुद्धी. चष्मा पुसून पुन्हा बघा म्हटलं. तुमच्या एर्वेचं नाव म्हणजे झुंजीला लायक, आणि झुंज हरला कुणाशी, तर मिशीवाल्या कारकुनाशी. कोरांतीन म्हणजे वादळ असावं, पण खात्री नाही म्हणाले. मला आहे. आणि एनोरा म्हणजे मान. लढाई आणि वादळ दोन्ही असलेल्या घरात मान नावाचं कुणीतरी हवंच ना?

मग मी त्यांना कामाचं विचारलं. नगरपालिकेचा कागद वेगळा आणि देवळाचा वेगळा. कॅलेंडर कारकुनाचं असतं, देवळाला आपले संत माहीत आहेत. बाळाला पाण्यावर धरून धर्ममाता जे नाव म्हणेल ते पाद्रीबाबा म्हणणार, आणि गाव तेच नाव उचलणार. माझा नवरा कागदावर थेओफिल, म्हणजे म्हणे देवाचा लाडका. धर्ममातेने ल्युसियें म्हटलं, तो ल्युसियेंच जगला आणि ल्युसियेंच गेला. थेओफिल फक्त सैन्याला सापडला.

मी एनोरा म्हणू शकते. मान माझा आहे. पण बघा, माझं नाव बाळाच्या कागदावर आधीच जाऊन बसलंय, मी न मागता. वर धर्ममाताही मीच झाले तर ती एकाच पोरीवर दोनदा वाढून घेतल्यासारखी हावरट गोष्ट होते. शिवाय ते नाव माझ्या तोंडून आलं तर उसनं वाटेल. ते तुमच्या आईचं आहे, तुमच्याच तोंडून यावं. तेव्हा पाण्यावर बाळाला तुम्ही धरायचं. पाद्रीबाबांना सांगितलंय, त्यांनी भुवई उचलली, मी माझी उचलली, झालं.

बाळ वजनदार असणार, हात घट्ट ठेवा. मोठ्याने म्हणा, आमच्या देवळात मागे ऐकू येत नाही आणि पाववाली मागेच बसते. नंतर आमचा मोठा बिस्कुटाचा ब्रॉये मधोमध मुठीने फोडायचा असतो, तोही तुम्ही फोडा, कारखान्यातल्या हातांना जमेल. तुमचं खारट लोणी आणलंत तर त्याला लावून बघेन. आवडेल असं वचन देत नाही.

मुलांना यातलं काही कळवलेलं नाही. हुगेत अजून बाळामार्फत बोलते आहे, बोलू दे आणखी थोडे दिवस, एर्वेला लंगोट वाळत घालायची सवय लागेल.

आपल्यात लोभ अजून नाही, तो नातीच्या नावाने सुरू करू. याचं उत्तर एर्वेने द्यायचं नाही, हुगेतने नाही, शेजारणीने नाही. तुम्ही द्यायचं, तुमच्या हाताने, आणि एनोरा असं लिहून.

आपली विहीण रादगोंद