आता येतो

राजूर,
ता. ५ सप्टेंबर २०२४

चि. उर्वशीस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझा ‘पोहोचली’ एवढा एकच शब्द मोबाइलवर आला. तुझ्या आईनं तो शेजारणींना दाखवला आणि आता म्हणते, पोरगी जर्मनीले गेली का मुकी झाली? खाणीतल्या ड्रिल मशीननं माझे कान नेले नसते तर फोनवरच तुझा आवाज ऐकला असता. ते होत नाही, म्हणून हा कागद. आई फोटो काढून पाठवते. फोटोत तिचा अंगठा आला तर सांभाळून घे.

जावईबापूंचा फोन आला नाही. बायको घरी आल्यावर माणूस सासूले तरी कळवते. काहून नाही कळवलं, हे आई विचारून राह्यली.

खाणीतले तुझे साहेब, खेमसिंग राठोड, चौकात भेटले. माझ्या तळहातावर बोटानं लिहून विचारलं, उर्वशी राजीनामा देणार का परत येणार? महिनाअखेर तुझी रजा संपते, आणि तू सांगितल्याशिवाय सर्व्हेअरची जागा त्यांना भरता येत नाही. मी म्हटलं, पोरीले जरा दम घेऊ द्या. पण उत्तर तुलाच द्यावं लागेल. लग्नाला वर्ष होत आलं, त्यात तुम्ही दोघं मिळून वीस-बावीस दिवस सोबत राहिले असाल. दोनदा तिकीट पुढं ढकलून गेलीस, म्हणून काळजी वाटते. पहिला दिवस कसा गेला ते खरं लिही.

लोभ सांगून वाढत नसतो, पण आहे.
तुझा बाबा,
मारोती


कासल,
ता. ७ सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि आई यांस,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. अंगठा तारखेवर आला होता, बाकी सगळं वाचता आलं.

खरं लिहायला सांगितलंत, म्हणून क्रमाने लिहिते. विमान वेळेवर उतरलं. पासपोर्ट तपासून झाला. बॅग मात्र आली नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला आणि मग बंद झाला. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर लांब रांग होती. आत काय आहे, असं तिथल्या बाईंनी विचारलं. कपडे, बूट आणि मुंगवड्या. मुंगवड्यांना इंग्रजी शब्द नाही. वाळवलेल्या डाळीचे गोळे, असं सांगितलं. त्यांनी फक्त ‘कपडे’ लिहिलं.

यात दोन तासांवर वेळ गेला. आत माझा मोबाइल चालत नव्हता. बाहेर आले तेव्हा मला घ्यायला येणारा सुगत तिथे नव्हता. वाय-फाय जोडल्यावर त्याचा एकच मेसेज आला. ‘सगळे बाहेर आले. बराच वेळ थांबलो. आता येतो.’

मी समजले, चहाला वगैरे गेला असेल, येईल. दाराजवळच्या बाकावर आहे, असं उलट कळवलं आणि बसले. दोन टिक आल्या, पण निळ्या झाल्या नाहीत. फोन वाजत होता, कोणी घेत नव्हतं. खाणीत शिकवतात की वाट चुकलेल्याने जागा सोडू नये, शोधणारा तिथवर पोहोचतो. मी जागा सोडली नाही. शोधणारा निघालेलाच नसेल तर हा नियम उपयोगाचा नाही, हे मला दुपारी कळलं.

मग चौकशी करून तिकीट काढलं आणि रेल्वेने इथे आले. त्याच्या हॉस्पिटलचा पत्ता व्हिसाच्या कागदांवर होता. तिथे गेले आणि वॉर्डबाहेरच्या टेबलाशी त्याचं नाव सांगितलं. तो नर्सच्या गणवेशात बाहेर आला आणि मला बघून भिंतीला टेकला. उशीर झालेलं माणूस दिसलं की आपला चेहरा सैल होतो. त्याचा तसा झाला नाही. मी यायचीच नव्हते, असा तो बघत होता. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. त्याने किल्ली दिली, नऊपर्यंत ड्युटी आहे म्हणाला आणि आत गेला. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवतात, हे तेव्हा कळलं.

तो घरी आल्यावर मी विचारलं, येतो लिहून निघून कसा गेलास? तो म्हणाला, येतो म्हणजे निघतो. आमच्या पांढरकवड्याला निघताना कोणी जातो म्हणत नाही, तुमच्या राजूरला म्हणतात का? मी म्हटलं, नाही म्हणत. पण ते दारात, समोरच्या माणसाला सांगतात, आणि त्याला आपल्या पायातल्या चपला दिसत असतात. मेसेजमध्ये चपला दिसत नाहीत. तो हसला. मी हसले नाही. मग आम्ही वरण-भात खाल्ला.

राठोड साहेबांना अजून काही सांगू नका. बायको पहिल्यांदा येते त्या दिवशी जो ड्युटी गाठतो, त्याच्या भरवशावर नोकरी सोडायची की परत यायचं, हे मी ठरवते आहे. मी रडले नाही, हे आईला मुद्दाम सांगा.

माया तशीच ठेवावी.
तुमची,
उर्वशी


राजूर,
ता. ९ सप्टेंबर २०२४

चि. उर्वशीस,
आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. चपलांपाशी ती इतकी हसली की भाकर करपली. मग म्हणाली, जावयाले मराठी येते, अक्कल तेवढी यायची आहे.

काल सुगतरावांचा फोन आला होता. आईशी बोलले. तिनं मला नंतर पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी तब्येत विचारली, आणि मग एवढंच, की निघताना उर्वशी काही बोलली होती का? आई म्हणाली, काही नाही, आनंदानं गेली. त्यावर त्यांनी फोनच ठेवला. आईला वाटलं लाइन कटली.

आता माझं ऐक. नागपूरला विमानतळावर तू आत गेलीस आणि परत काचेपर्यंत आलीस. मी हात केला. तू केला नाहीस. आई तेव्हा पाण्याची बाटली घ्यायला गेलती, तिनं पाहिलं नाही. मी तेव्हा विचारलं नाही, आता विचारतो. काय सांगायचं होतं?

परत यायचं असेल तर ये. लाजायचं कारण नाही. इथं कोणी काही बोललं तरी मले ऐकूच येत नाही.

तुझा,
बाबा


कासल,
ता. १२ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

हे पत्र आधी एकट्याने वाचा, मग आईला दाखवा.

मला जायचं नाही, हे सांगायला मी काचेपर्यंत आले होते. काच जाड होती आणि ती नसती तरी तुम्हाला ऐकू आलं नसतं. तुम्ही हात केलात. तो मला ‘जा’ असा दिसला, म्हणून गेले.

निघताना मी काही बोलले का, हे आईला का विचारलंस, असं मी काल सकाळी सुगतला विचारलं. तो ड्युटीचा डबा भरत होता. वळून न बघता म्हणाला, सगळे बाहेर आले आणि तू आली नाहीस, तेव्हा मला वाटलं तू विमानात बसलीच नाहीस. राजूरला फोन केला असता तर कोणीतरी मला तसं सांगितलं असतं, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. ड्युटीवर फोन जवळ नसतो, म्हणून ड्युटीवर गेलो.

असं कधीपासून वाटत होतं, हे मी विचारलं. पहिलं तिकीट पुढे ढकललंस तेव्हापासून, तो म्हणाला. तरी तो मला घ्यायला आला होता.

मी त्याला काचेचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मला समजावलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, परतीचं तिकीट बघू का? टोमणा नव्हता. मी हो म्हटलं असतं तर त्याने उभ्याउभ्या बघितलं असतं, एवढं मला दिसलं. मी नको म्हटलं.

मला चुकीचं ओळखणारे पुष्कळ भेटले, त्यांच्यापासून लांब राहणं मला जमतं. मला यायचं नाही, हे याने बरोबर ओळखलं होतं आणि तरी एकदाही माझ्यावर आवाज चढवला नव्हता. अशा माणसापासून लांब कसं राहायचं, ते मला माहीत नाही, आणि शिकायचंही नाही.

राठोड साहेबांना सांगा, जागा भरा. राजीनामा मी आज मेल केला आहे.

लोभ असू द्या, आणि त्यात यापुढे सुगतलाही धरा.
तुमची,
उर्वशी