कॉलरीची सहा मिनिटं

प्रिय हिशेबनीस,

तुला एक आजी आहे. दचकू नकोस, नवी नाही, जुनीच आहे. तुझ्या लक्षातून गेली असेल म्हणून आठवण दिली. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हा कागद. अक्षर माझं नाही, मला लिहिता येत नाही हे तरी विसरला नसशीलच. लिहितेय ती तुझ्या आत्याच्या कारखान्यातली काजेवाली, शर्टाला काजं करते ती. बोलेन ते जसंच्या तसं लिही, असं बजावलंय. ती मधेच पेन थांबवून 'आजी, हे कशाला?' म्हणते, म्हणजे ते नक्की लिहायला हवं, हे मला कळतं.

आत्या कामावर गेलीय. बरी आहे, असं लिहायची पद्धत आहे, तर बरी आहे. माझा खोकला माझ्यासारखाच, कुणाचं ऐकत नाही. तुझ्या खोलीत आता शेजारणीची सायकल असते. तू अभ्यास करायचास त्या टेबलावर आत्या अजून कुणाला काही ठेवू देत नाही.

तू कारखान्यात कामाचा वेळ मोजायला आलास तो दिवस आठवतो का रे? मुख्य कचेरीतून साहेब येणार म्हणून कळलं, आणि तो साहेब म्हणजे आपलाच पोरगा. घरी आत्याचे पाय जमिनीवर नव्हते. आदल्या दिवशी तिने मशीनला तेल घातलं. मिस्त्रीने नवीकोरी सुई लावून दिली. शेजारच्या बाईने कापलेले तुकडे तिच्या हाताशी एकावर एक रचून ठेवले, म्हणजे वाकायलासुद्धा नको. तिने लहानाचा मोठा केलेला पोरगा पहिल्यांदा घड्याळ घेऊन उभा राहणार, त्याच्यासमोर कॉलरी शिवणाऱ्या रांगेची मान खाली जायला नको, असं सगळ्या बायकांचं ठरलं. आणि आत्या अशी सुटली म्हणतोस! काजेवाली सांगते, सुई दिसतच नव्हती. तू लिहून घेतलंस, एका कॉलरीला सहा मिनिटं. टाळ्या वाजल्या. घरी येऊन आत्या हात गरम पाण्यात बुडवून बसली, आणि हसत होती.

त्याच दिवशी जेवताना तू मला तुझा हिशेब समजावलास. तुला वाटलं म्हातारी मान डोलावतेय. म्हातारी ऐकत होती. शंभर कॉलरी झाल्या, तर सहा मिनिटांप्रमाणे दहा तास लागायला हवेत. लागले तेरा, तर तीन तास जास्त. त्या तीन तासांना तासाच्या ठरलेल्या मजुरीने गुणायचं, की कामातली तफावत निघते. कमी वेळ लागला तर अनुकूल, जास्त लागला तर प्रतिकूल. बरोबर ना? गुणाकार तुझा कधी चुकला नाही.

पण राजा, एरवी एका कॉलरीला आठ मिनिटं लागतात. आत्यालाही. सुई बोथट असते, दोरा तुटतो, तुकडे खाली टोपलीत असतात. सहा मिनिटं तुझ्या कौतुकाची होती, आणि तू ती रोजची धरलीस. आता दर महिन्याला कारखान्याच्या दाराशी तुझा कागद लागतो आणि कॉलरीची अख्खी रांग प्रतिकूल. दोघींना घरी बसवलं. ज्या बाईने तुकडे रचून दिले होते, ती त्यांतली एक. उरलेल्या बायका आत्याशी बोलत नाहीत. तीही कुणाशी बोलत नाही, बोलण्यात वेळ जातो. पाणी पीत नाही. प्यायलं की उठावं लागतं. डबा जसाच्या तसा परत येतो. मागच्या आठवड्यात सुई बोटातून आरपार गेली. तिने चिंधी गुंडाळली आणि ती कॉलर पुरी केली. मला म्हणाली, भाजी चिरताना कापलं. भाजी मी चिरते, हेही ती विसरली. विसरणं तुमच्या घराण्यातच आहे.

हे तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातलीय. मुकादमाने तिला सरळ विचारलं होतं, 'बाई, त्या दिवशी काही वेगळं होतं का?' तिने एवढं सांगितलं असतं तरी रांग वाचली असती. ती म्हणाली, 'नाही, रोजच्यासारखंच होतं.' मग घरी मला म्हणते, 'आई, त्याचं पहिलंच मोजमाप आहे. ते खोटं ठरलं तर त्याला कोण ठेवेल?' पुढच्या पहिल्या तारखेला रांग बंद करायची की नाही ते ठरणार आहे, आणि ते तुझ्याच कागदावरून ठरणार आहे. ती बोलणार नाही. मी बोललेलं तिथे कुणी ऐकणार नाही. राहिलास तू. न कळवता ये. घड्याळ घेऊन ये, पण तिला दिसशील असा उभा राहू नकोस. मागे, खांबाआड उभा राहा आणि तिची जुनी सुई चालू असताना मोज. मग वर जाऊन सांग की पहिलं चुकलं होतं. नोकरी गेली तर घरी ये, सायकल मी हलवते. माझ्याच्याने तिला असं संपताना बघवत नाही रे.

तुझीच,
लक्षात ठेवायला अवघड अशी आजी

ता.क. येईपर्यंत तिच्यासाठी खजूर पाठवून दे. बिया काढलेला बघून घे. बी टाकायला हात थांबवावा लागतो, म्हणून ती तोही खात नाही.