साक्षी आणि सहा दहाचा अलार्म

३ मार्च, सोमवार
ही गेली त्याला आज एक्केचाळीस दिवस. शोक पुरे. आजपासून ज्ञानमार्ग. लायब्ररीतून वेदान्ताचं पुस्तक आणलं. पंधरा दिवसांत परत करायचंय, म्हणजे तोवर आत्मज्ञान उरकायला हवं. पान चार : मी देह नाही, मन नाही, मी फक्त पाहणारा. साक्षी. सोपं आहे.
संध्याकाळी ६.१० ला हिच्या कपाटात अलार्म वाजला. रोज वाजतो, वीस सेकंद. कशाचा, माहीत नाही. कपाट मी उघडलेलं नाही. साक्षीभावाने ऐकला.

४ मार्च
फॅक्टरीत कोमट पाण्यात थर्मामीटर तपासताना तत्त्व लख्ख समजलं. थर्मामीटर ताप दाखवतो, त्याला स्वतःला ताप नसतो. मीही तसाच. दुपारपर्यंत 'हे नव्हे, हे नव्हे' असं मनात म्हणत दोनशे चाळीस नग बाद केले. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, सगळेच कसे हो बाद, पाण्यालाच ताप आलाय का. नेति नेति यापुढे सुट्टीच्या दिवशीच.

५ मार्च
मेहुणीचा फोन. म्हणाली, भावोजी, रविवारी येऊन ताईचं कपाट आवरते, चालेल ना. म्हटलं, कपाट काय, घर ने. वस्तू म्हणजे माया. तिने ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावलं. प्रभावित झाली असावी. मग विचारलंन, जेवता ना वेळेवर.
६.०० पासून कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. ऐकायला नव्हे. तिथे वारा चांगला येतो.

७ मार्च
जिन्यात चक्कर आली. देहाला आली, मला नाही. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर धावत आले. म्हटलं, मला काही होत नाहीये, मी नुसता बघतोय. म्हणाले, बघा, पण कठडा धरून बघा.
आज फॅक्टरीतून लवकर निघालो. या आठवड्यात तिसऱ्यांदा. बस लवकर मिळते.

८ मार्च
प्रकरण सहा. ज्ञान दोन प्रकारचं. एक ऐकीव : कुणी सांगितलं, आपण मान्य केलं. दुसरं साक्षात : आपलं आपल्याला उमगतं. ते एकदा झालं की परत जात नाही. मला दुसरं झालेलंच आहे. सोमवारी पुस्तक परत करावं.

९ मार्च, रविवार
मेहुणी आली. सात पिशव्या भरल्या. मी चहा केला. तीन कप. तिने विचारलं, तिसरा कुणाचा. म्हटलं, देहाची सवय. तिसराही मीच प्यायलो.
जाताना तिने दोनदा विचारलं, काही ठेवून घ्यायचंय का. म्हटलं, ज्ञानी माणूस काय ठेवणार.

६.१०. वाजलं नाही.
६.११. माझं घड्याळ पुढे असेल.
६.२५. खुर्ची कपाटासमोर. कपाटात तेरा हँगर.
डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही गेली. मी मान्य केलं होतं, कागदावर सही केली होती. ते पहिलं ज्ञान. दुसरं आज, आत्ता झालं.

६.४०. मेहुणीला फोन केला. म्हटलं, पिशवीत एक घड्याळ असेल, तुम्हा सगळ्यांना उगाच त्रास व्हायचा. म्हणाली, मघाशी वाजलं तेव्हा आम्ही सगळे दचकलोच, भावोजी. मागे चिकटपट्टीवर ताईच्या अक्षरात लिहिलंय, 'ह्यांची बीपीची गोळी'. तुम्ही घेताय ना ती.
ही रोज संध्याकाळी पाणी आणि गोळी हातात ठेवायची. मला वाटायचं, तिच्या आपोआप लक्षात राहतं.

१० मार्च
मेहुणी घड्याळ देऊन गेली. पुस्तक परत केलं नाही, त्यात एक चूक आहे. साक्षात ज्ञान परत जात नाही म्हणतात. ६.१० ला गोळी घेतली. अलार्म वाजतो ते वीस सेकंद जातं.